गोवा ट्रान्सचा अल्बम ऐकायचा कसा, जोखायचा कसा: ‘ट्विस्टेड’ हाताशी घेऊन

‘गोवा ट्रान्स ऐकायचंय, कुठून सुरुवात करू?’ असं कुणी विचारलं की मी हॅल्युसिनोजेनच्या ‘ट्विस्टेड’चं नाव घेतो. गोवा ट्रान्स म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या रात्रभराच्या पार्ट्यांभोवती वाढलेलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत. अल्बम १९९५ सालचा, लंडनच्या ड्रॅगनफ्लाय रेकॉर्ड्सने काढलेला. हॅल्युसिनोजेन हे सायमन पॉसफर्ड या इंग्रज संगीतकाराचं कामाचं नाव. हा अल्बम सगळ्यांत सोपा नाही आणि सगळ्यांत गोडही नाही. पण या संगीतावरून ऐकणाऱ्यांमध्ये जे जे वाद होतात, ते सगळे या एका अल्बमवरून घालून झालेत. त्यामुळे कान तयार करायला याच्याइतकी चांगली पाटी दुसरी नाही.

नव्या माणसाचं पहिलं मत बहुतेक वेळा ठरलेलं असतं: ‘सगळी गाणी सारखीच वाटतात.’ माझंही तेच झालं होतं. पुणे-मुंबई बसमध्ये इअरफोन लावून बसलो, लोणावळा यायच्या आत तीन गाणी ऐकली आणि बंद केलं. पुढे वर्षा-दीड वर्षाने एका मित्राच्या खोलीत मोठ्या स्पीकरवर तोच अल्बम कानावर पडला आणि कळलं, की मी शोधत होतो चाल, आणि इथे काम चाललं होतं दुसरीकडेच. गोवा ट्रान्समध्ये चाल असते, कधी कधी फार सुंदर असते. पण गाणं पुढे सरकतं ते सुराच्या पोतावर. तोच स्वर, तीच ओळ, तोच ठेका, आणि आवाजाचं अंग मात्र सतत बदलत राहतं. हा बदल ऐकू यायला लागला की सात-आठ मिनिटांचं गाणं लांब वाटत नाही. तो ऐकू येत नाही तोवर अल्बमबद्दल मत बनवायची घाई करू नये.

गाणी अशी का आहेत, हे आधी समजून घ्या

साठचं दशक संपता संपता उत्तर गोव्यात, हणजूण-वागातोरच्या बाजूला परदेशी हिप्पी येऊन राहू लागले. किनाऱ्यावर रात्रभर वाजायचं ते आधी रॉक आणि रेगे. ऐंशीच्या दशकात त्याची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली. लॉरां नावाचा एक फ्रेंच डीजे युरोपातल्या गाण्यांमधलं गायन वगळून नुसते वाद्यांचे तुकडे एकापुढे एक लावायचा. कॅलिफोर्नियाहून आलेला गोवा गिल पुढे या साऱ्या प्रकाराचा चेहरा झाला. त्याने साधू म्हणून दीक्षा घेतली होती, आणि रात्रभराचं वाजवणं त्याच्या लेखी साधनाच होती. २०२३ साली तो गेला.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. गोव्याच्या उन्हात आणि धुळीत विनाइलच्या तबकड्या टिकत नसत, उष्णतेने वाकायच्या. म्हणून डीजे आधी साध्या कॅसेट आणि नंतर डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, वापरायचे. डॅट यंत्र लहान, आवाज स्वच्छ, टेप खिशात मावणारी. लंडनच्या स्टुडिओत शिजलेलं गाणं छापून बाजारात यायच्या कितीतरी आधी अशा टेपवरून गोव्यात वाजत असे. पण तबकडीचा वेग जसा बोटाने कमी-जास्त करता येतो, तसा डॅटचा सहसा करता येत नसे. दोन गाण्यांचे ठेके एकमेकांवर बसवणं त्यामुळे अवघड. यावर उपाय म्हणून गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला, नुसता तरंगता भाग असला की बरं पडायचं. एक गाणं विरत जातं, त्याच धुक्यात दुसरं सुरू होतं. म्हणून या गाण्यांचे पहिले एक-दीड मिनिट ‘काहीच होत नाही’ असे वाटतात. ते पुढे ढकलू नका. मैफलीत गायक षड्ज लावून बसतो, तेवढा वेळ आपण त्याला देतोच की.

आणखी एक. नाव गोव्याचं असलं तरी हे संगीत बनलं मुख्यतः लंडनमध्ये, फ्रान्समध्ये, जर्मनीत, इस्रायलमध्ये, इटलीत. गोवा ही ते ऐकण्याची जागा होती. संगीतकार आणि डीजे नोव्हेंबर ते मार्चच्या मोसमात येत, आणि उघड्या आकाशाखाली पहाटेपर्यंत काय चालतं, काय चालत नाही, हे डोक्यात घेऊन परत जात. पार्टीच्या कडेला गावातल्या बाया चटया अंथरून, रॉकेलचे दिवे लावून रात्रभर चहा विकायच्या. परदेशी लोक त्यांना ‘चाय मामा’ म्हणत. या चटईवर बसून ऐकणारा श्रोतासुद्धा संगीतकाराच्या डोळ्यांपुढे होता, फक्त नाचणारा नव्हे. घरी बसून हे अल्बम ऐकता येतात ते या कारणाने, असं मी मानतो.

पहिली पायरी: ऐकायची सोय

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. गाण्याचा पाया ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. उरते ती वरची चिरचिर, आणि मग गाणं कर्कश वाटलं तर दोष गाण्याचा नाही. फार महागडं काही लागत नाही. कान पूर्ण झाकणारे साधे तारेचे हेडफोन पुरतात, दोन बरे स्पीकर असतील तर उत्तमच. स्पीकर एकमेकांपासून जेवढ्या अंतरावर, तेवढ्याच अंतरावर आपण बसायचं. या गाण्यांत आवाज डावीकडून उजवीकडे सतत फिरत असतात, तो निम्मा आनंद आहे.

ॲपमधलं शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) बंद करा, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद करा. बेस वाढवणारी सेटिंग्ज असतील तर तीही बंद. अल्बमची जुनी आणि रीमास्टर केलेली, म्हणजे आवाजावर नव्याने शेवटचा हात फिरवलेली, अशा दोन आवृत्त्या मिळत असतील तर दोन्हींचं एकेक गाणं ऐकून बघा. नव्वदच्या दशकातल्या मास्टरिंगमध्ये हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर बरंचसं राखलेलं असतं. नव्या आवृत्त्या अनेकदा मोठ्याने वाजतात आणि म्हणूनच पहिल्या क्षणी ‘चांगल्या’ वाटतात. आवाजाची पातळी हाताने सारखी करून मगच तुलना करा.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा, की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, त्यापलीकडे कानाला धोका. आवाज वाढत गेला तर हे तास झपाट्याने कमी होतात. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं अजिबात कळत नसेल तर आवाज कमी करा.

आणि अमली पदार्थांचं. ‘ट्विस्टेड’च्या पहिल्याच गाण्याचं नाव ‘एलएसडी’ आहे, कलाकाराच्या नावाचा अर्थच ‘भास निर्माण करणारा पदार्थ’ असा आहे, आणि या संस्कृतीत ते सगळं होतं हे लपवण्यात अर्थ नाही. पण अल्बम समजायला त्याची काहीही गरज नाही. मी आजवर जे काही ऐकलं ते चहावर ऐकलं आहे. नवख्या मुलांना कुणी ‘त्याशिवाय कळणार नाही’ असं सांगत असेल तर ते साफ खोटं आहे.

दुसरी पायरी: ‘ऊ’पासून ‘ई’पर्यंत

ही पायरी गाळू नका, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

दार लावून घ्या. कुठलाही सोयीचा स्वर धरा, आपला नेहमीचा सा चालेल. आता तो स्वर न सोडता, श्वास न तोडता म्हणा: ऊ… ओ… आ… ए… ई. शक्य तितकं सावकाश, एका स्वरवर्णातून दुसऱ्यात घसरत जा. स्वराची उंची तीच राहिली, जोर तोच राहिला, तरी आवाज आधी बंद पेटीतून आल्यासारखा गोल, दबका होता आणि शेवटी पातळ, धारदार झाला. तुम्ही ओठ आणि जीभ हलवून जे केलंत, तेच सिंथेसायझरमधला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या वाद्यातला, फिल्टर करतो.

या संगीताचा लाडका आवाज ज्या यंत्रातून आला, ते रोलँड कंपनीचं टीबी-३०३. बाजारात आलं १९८१ साली, बेस गिटारची जागा भरायला म्हणून. त्या कामात ते सपशेल पडलं आणि १९८४ पर्यंत उत्पादनही थांबलं. पुढे हीच जुनी, स्वस्तात मिळणारी यंत्रं शिकागोच्या पोरांच्या हाती लागली आणि ‘ॲसिड’ नावाचा आवाज जन्माला आला. त्याची आज सॉफ्टवेअरमधली नक्कल मिळते. मित्राच्या लॅपटॉपवर मी ती पहिल्यांदा हाताळली ती संध्याकाळ मला अजून आठवते. सोळा चौकोन असतात, प्रत्येकात एक स्वर. मी त्यांतल्या दहा-बाराच चौकोनांत स्वर भरले, त्यातही तीनच वेगळे. काहींना ‘ॲक्सेंट’ दिला, म्हणजे तिथे ठोसा बसतो. दोन ठिकाणी ‘स्लाइड’, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेतल्यासारखं घसरणं. वाजवलं तर कंटाळवाणी टुकटुक. मग मित्राने ‘कटऑफ’ची कळ डावीकडे टोकाला नेली. आवाज विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा झाला. आणि ती कळ तो अगदी हळू, मिनिटभर लावून, उजवीकडे फिरवत गेला. एकही स्वर बदलला नव्हता. तरी ती ओळ आधी पुटपुटली, मग बोलायला लागली, मग तिला दात फुटले. शेजारची ‘रेझोनन्स’ची कळ वाढवली तशी आत एक शिट्टी उठली आणि कटऑफबरोबर वर चढू लागली. मिनिटभरात एक अख्खी गोष्ट घडून गेली होती.

आता ‘ट्विस्टेड’चं पहिलं गाणं लावा आणि त्यातली एकच ओळ पकडा, जी सगळ्यांत जास्त वळवळते आहे ती. गाणं संपेपर्यंत फक्त तिच्यामागे जा. ती ‘ऊ’वर आहे की ‘आ’वर? ‘ई’पर्यंत गेली का? परत कधी आली? मनातल्या मनात नव्हे, तोंडाने करा. पाच-सहा वेळा केलं की कान आपोआप तिकडे जातो.

तिसरी पायरी: आवर्तनं मोजा

गोवा ट्रान्सचा वेग साधारण मिनिटाला १३५ ते १५० ठोके. खाली एकसारखा ‘धम्-धम्’ पायठोका चालू असतो, त्याला किक म्हणतात. चार ठोक्यांचा एक बार. चार बार म्हणजे सोळा ठोके, आपल्या तीनतालाच्या मात्रांइतके. १४५ च्या वेगाला हे सोळा ठोके साडेसहा सेकंदांत संपतात. मोठा बदल बहुतेक वेळा अशा चार आवर्तनांनंतर, म्हणजे साधारण साडेसव्वीस सेकंदांनी येतो: नवी ओळ शिरते, जुनी निघते, झांज सुरू होते किंवा किक क्षणभर थांबते.

बोटांच्या पेरांवर मोजा, संगीत शिकताना मोजतात तसं. चार आवर्तनं झाली की काय बदललं ते लिहा. एका गाण्यापुरतं हे केलं तरी खूप झालं. चांगला संगीतकार कुठे बसला आहे ते यात दिसतं, कारण तो समेवर तर बदल करतोच, पण दोन समांच्या मधल्या जागेत कळत-नकळत काहीतरी हलवत राहतो. पॉसफर्डची ख्याती याच मधल्या जागेबद्दल आहे. त्याच्या गाण्यात एखादा बुडबुडा, एखादी चिरक, एखादा उलटा फिरलेला आवाज एकदाच येतो आणि पुन्हा येत नाही. बाकीच्यांनी तोच तुकडा दहा वेळा चिकटवला असता.

मराठी कानाला इथे एक फायदा आहे. खालचा बेस बहुतेक वेळ एकाच स्वरावर ठाम असतो, तानपुऱ्याच्या षड्जासारखा, आणि वरच्या ओळी त्याच्या आधाराने फिरतात. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगट, बदलत राहण्याची सवय असलेल्या पाश्चात्त्य श्रोत्याला हे एकसुरी वाटू शकतं, आपल्याला वाटायचं कारण नाही. स्वरांची निवडही ओळखीची निघते. कोमल रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद असा भैरवी थाटाचा स्वरसमूह पुष्कळदा भेटतो. गंधार शुद्ध केला की बसंत मुखारीचे स्वर होतात, तेही या गाण्यांत हमखास सापडतात. हे राग नव्हेत. चलन नाही, वादी-संवादी नाही, फक्त स्वर तेच. पण पेटी किंवा तंबोऱ्याचं ॲप जवळ असेल तर गाण्याचा षड्ज शोधून बघा, ओळी चटकन ओळखीच्या होतात.

आणि ज्याने दिंडीत ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ तासभर ऐकलं आहे, पावलांबरोबर टाळ-मृदंगाचा रंग चढताना अनुभवला आहे, त्याला पुनरावृत्तीचं समर्थन वेगळं द्यावं लागत नाही.

चौथी पायरी: तीन बैठका

पहिल्या बैठकीत पूर्ण अल्बम एका दमात ऐका. काही लिहू नका, नावं बघू नका. मधे उठू नका एवढंच. दिवे मंद केले तर बरं. कंटाळा आला तर येऊ द्या, फक्त कुठे आला ते लक्षात ठेवा.

दुसरी बैठक दोन-तीन दिवसांनी, वही घेऊन. प्रत्येक गाण्यासाठी अर्धं पान. वेळ आणि एखादा शब्द एवढंच टिपा: ‘२:१० नवी ओळ, उजवीकडून’, ‘४:४० किक गेली’, ‘५:३० परत, पण आता जड’. सुंदर वाक्यं लिहायचा मोह टाळा. पुढे वाद घालताना ‘मला जादुई वाटलं’ कामाला येत नाही, ‘४:४०’ येतं.

तिसरी बैठक चालताना. टेकडीवर, समुद्रकाठी, कुठेही, जिथे वाहनं नाहीत तिथे. हे संगीत शरीर हलतं आहे असं गृहीत धरून बनलेलं आहे. बसून गुंतागुंतीचं वाटलेलं गाणं चालताना सरळ होतं, आणि बसून छान वाटलेलं कधी कधी चालताना अडखळतं. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत.

पाचवी पायरी: आता जोखा

जाणकार श्रोते काय काय बघतात, ते मी माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी, गाणं कुठून निघून कुठे पोचलं. शेवटच्या दोन मिनिटांतला तुकडा काढून तो दुसऱ्या मिनिटाला लावला तर चालेल का? चालत असेल, तर गाण्यात प्रवास नाही, नुसती लांबी आहे. या कसोटीवर पुष्कळ नावाजलेले अल्बम घसरतात. ‘ट्विस्टेड’ माझ्या मते बहुतांशी टिकतो. गाणी शेवटाकडे जड होत जातात, आणि ती जड होण्यामागे नुसता आवाज वाढलेला नसतो, पोत बदललेला असतो.

दुसरं, थर. चढाच्या वेळी एकाच वेळी चार-पाच ओळी चालू असतात. त्यांतली प्रत्येक वेगळी ऐकू येते का? एकीवर लक्ष ठेवून दुसरीवर जाता येतं का? की सगळ्यांचा मिळून गोंगाट होतो? इथे ‘ट्विस्टेड’शेजारी ठेवून बघण्यासारखा अल्बम म्हणजे प्लेयाडियन्सचा ‘आयएफओ’, १९९७ चा, तोही ड्रॅगनफ्लायचाच. प्लेयाडियन्स म्हणजे इटलीच्या एट्निका गटातली मंडळी. गटाचं नाव आहे आपल्या कृत्तिका नक्षत्रावरून, आणि गाण्यांची नावंही त्यातल्या ताऱ्यांची, जसं ‘अल्सायनी’, जो कृत्तिकेतला सर्वांत तेजस्वी तारा. या अल्बममध्ये ओळींवर ओळी, श्वास घ्यायला जागा नाही. काहींच्या मते गोवा ट्रान्सचं शिखर हेच. काहींना वीस मिनिटांत दमायला होतं. ‘ट्विस्टेड’मध्ये ओळी कमी, पण प्रत्येक ओळीचं अंग अधिक कोरलेलं. तुम्हाला काय आवडतं त्यावरून तुमचा कान कसला आहे ते कळेल. मी स्वतः ‘ट्विस्टेड’च्या बाजूचा.

तिसरं, ब्रेकडाउन, म्हणजे किक थांबून गाणं मोकळं होतं ती जागा. सामान्य दर्जाच्या ट्रान्समध्ये ही जागा फक्त परत येणाऱ्या किकची भूक वाढवायला असते. चांगल्या गाण्यात तिथे काहीतरी कळतं, एखादी ओळ ठेक्याशिवाय उघडी पडते आणि लक्षात येतं की ती सुरुवातीपासून खाली चालूच होती.

बोलण्याचे तुकडे, ज्यांना सॅम्पल म्हणतात, ते पटकन तपासा. सिनेमातली वाक्यं, अंतराळवीरांचं बोलणं, प्रवचनं, मंत्र असं काय काय या गाण्यांत पेरलेलं असतं. बोलण्याचा तुकडा काढला तर गाणं उभं राहतं का, एवढाच प्रश्न. भारतीय शब्द वापरले म्हणून गाण्याला खोली येत नाही, हेही आपण मराठी श्रोत्यांनी स्पष्ट म्हणायला हवं. काही ठिकाणी ते उसने दागिने वाटतात. इस्रायलच्या ॲस्ट्रल प्रोजेक्शनचं ‘महादेवा’ मात्र नावासाठी नव्हे, चालीसाठी ऐका. नव्या माणसाला गोडव्याच्या वाटेने आत यायचं असेल तर तेच दार.

शेवटी अल्बमचा क्रम. गोव्यातल्या रात्रीला एक आकार असे: मध्यरात्रीनंतर काळोखं, टोकदार संगीत आणि उजाडताना सुरेल, खुलं. श्रोते अजूनही ‘रात्रीचं’ आणि ‘सकाळचं’ असे शब्द वापरतात. अल्बममध्ये असा काही उतार-चढाव आहे का? ‘ट्विस्टेड’बद्दलची एक तक्रार इथे मला पटते: तो बराचसा रात्रीचाच राहतो, बुद्धीने घडवलेला, थोडा थंड. ज्यांना छातीत भरून यावं अशी अपेक्षा असते ते हिरमुसतात. पॉसफर्डचाच पुढचा अल्बम, १९९७ चा ‘द लोन डिरेंजर’, अधिक सफाईदार आणि खेळकर आहे, आणि या दोहोंत थोर कोण हा वाद कधी मिटत नाही. सफाई त्याची जास्त, हे मान्य. पण ‘ट्विस्टेड’मध्ये कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी शोधत असल्याची जी धग आहे ती मला तिथे सापडत नाही.

ध्वनिमुद्रण जुनं वाटतं का, किक पातळ आहे का, हे मी जवळजवळ शेवटी बघतो. आजच्या गाण्याच्या मापाने १९९५ ची किक मोजली तर ती हरणारच.

दुसऱ्यांची मतं वाचताना

दोन गोष्टी बघा. मत देणाऱ्या माणसाला हे संगीत पहिल्यांदा कुठे आणि कोणत्या वयात भेटलं? विशीत वागातोरच्या डोंगरावर पहाट होताना जे गाणं वाजत होतं, त्याला तो जन्मभर दहापैकी दहा देणार, आणि ते चूक नाही, पण तुम्हाला त्याचा उपयोग नाही. दुसरं, तो कुठल्या काळाच्या बाजूचा आहे? १९९७-९८ नंतर या संगीतातल्या सुरेल ओळी कमी झाल्या, आवाज कोरडा आणि ठेका पुढे आला, आणि त्याला सायट्रान्स म्हणू लागले. तिकडून आलेला श्रोता जुन्या अल्बमला ‘चीझी’ म्हणतो, म्हणजे गोडव्याचा अतिरेक. जुन्या बाजूचा श्रोता नव्याला ‘आत्मा नाही’ म्हणतो. हे दोन शब्द आले की समजा, हा अल्बमचा निवाडा नव्हे, पक्षाची घोषणा आहे. मिनिट-सेकंद सांगून, गाण्यातली जागा दाखवून बोलणारा माणूस मिळाला तर त्याचं मत न पटलं तरी जपून ठेवा.

गोव्यातल्या लोकांची बाजूही या मतांमध्ये क्वचित येते. रात्रभरच्या आवाजाचा त्रास गावांनी वर्षानुवर्षं सोसला, कमाईही काहींची झाली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या ध्वनिक्षेपकांवरच्या बंदीबाबत कडक निकाल दिला, आणि उघड्यावरच्या रात्रभर पार्ट्यांना मोठा चाप बसला. ‘गोव्याची ती जादू संपली’ असं हळहळणारं वाचाल तेव्हा हणजूणमध्ये सकाळी मुलांना शाळेत पाठवायचं असणारंही कुणी होतं, एवढं मनात असू द्या.

पुढे काय ऐकायचं

‘ट्विस्टेड’चा वेग झेपत नसेल तर ‘हॅल्युसिनोजेन इन डब’ हा २००२ चा अल्बम घ्या. ऑट या संगीतकाराने पॉसफर्डची गाणी संथ डबच्या, म्हणजे रेगेतून निघालेल्या, घुमणाऱ्या प्रतिध्वनींच्या शैलीच्या अंगाने पुन्हा बांधली आहेत. वेग काढून घेतल्यावरही त्या ओळी उभ्या राहतात, हे ऐकणं मोठं शिक्षण आहे. पॉसफर्ड आणि बासरीवादक राजा राम यांच्या श्पाँगल या जोडीचा पहिला अल्बम, १९९८ चा, संध्याकाळी ऐकण्यासारखा. राजा राम हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, साठच्या दशकाच्या अखेरीला लंडनच्या क्विंटेसन्स या बँडमध्ये वाजवायचे, आणि पुढे टिप रेकॉर्ड्सच्या संस्थापकांपैकी एक.

मग ‘आयएफओ’. मग ॲस्ट्रल प्रोजेक्शन. त्यानंतर नव्या पिढीकडे या: बेल्जियमच्या सनट्रिप रेकॉर्ड्सने २००५ साली काढलेला खेत्झाल या संगीतकाराचा ‘कोरोल’ आणि स्वीडनच्या फिल्टेरिया या संगीतकाराचं काम. तिथे जुना सुरेलपणा नव्या यंत्रांवर परत आलेला दिसेल.

दोन अल्बमांमध्ये किमान आठवडा जाऊ द्या. आणि वहीतल्या प्रत्येक पानावर तारीख घाला. माझ्या जुन्या वहीत ‘ट्विस्टेड’च्या पाचव्या गाण्यापुढे ‘काहीच होत नाही’ असं लिहिलेलं आहे. त्याखाली आठ महिन्यांनंतरच्या तारखेला वेगळ्या शाईत त्याच गाण्यातल्या अकरा जागा वेळेसकट टिपलेल्या आहेत, आणि अजून दोन राहिल्या आहेत.